काटकोनी गिअरबॉक्स निवडताना हिशोब कुठून सुरू करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोज दोन पाळ्यांत, म्हणजे १६ तास, चालणाऱ्या एका बेल्ट कन्व्हेयरला काटकोनी गिअरबॉक्स हवा आहे, कारण मोटर आडवी बाहेर काढायला जागा नाही. सध्या तिथे ३ किलोवॅटची, १४४० आरपीएमची मोटर आणि १:५० गुणोत्तराचा (मोटरच्या ५० फेऱ्यांना बाहेरच्या शाफ्टचा एक फेरा) वर्म गिअरबॉक्स आहे; वर्म म्हणजे चाकाला फिरवणारा स्क्रूसारखा शाफ्ट. तो वर्षभरात दुसऱ्यांदा निकामी झाला आहे. एक पुरवठादार त्याच जातीचा एक माप मोठा वर्म सुचवतो, तर दुसरा बराच महाग हेलिकल-बेव्हल, म्हणजे तिरक्या दात्यांची आणि शंकूच्या आकाराची चाके असलेला गिअरबॉक्स. यातला कोणता घ्यावा आणि कोणत्या आधारावर?

माझे उत्तर या कन्व्हेयरपुरते हेलिकल-बेव्हल असे आहे. मात्र ते कोणत्या वाटेने आले, हे समजून घेणे उत्तरापेक्षा महत्त्वाचे आहे, कारण पुढच्या यंत्रासाठी हीच वाट कदाचित आपल्याला वर्मपाशी नेऊन सोडेल. बहुतेक चुकीच्या निवडी मोटरच्या नेमप्लेटपासून सुरू होतात. इतक्या किलोवॅटची मोटर, इतके गुणोत्तर, इतके शाफ्टचे माप, एवढे सांगून गिअरबॉक्स मागवला जातो. पण नेमप्लेट तिथे काय बसवले आहे एवढेच सांगते. यंत्राला काय लागते, हे तिला ठाऊक नसते. हिशोब नेहमी दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टकडून सुरू करावा. तिथे किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो, किती फेऱ्यांवर लागतो, शाफ्टवर बाजूने किती ओढ येते, गिअरबॉक्समध्ये किती उष्णता साठते आणि यंत्र थांबते कसे, हे पाच प्रश्न सुटले की प्रकार जवळजवळ आपोआप ठरतो.

एक उदाहरण आकड्यांत मांडतो. समजा भरलेला पट्टा ओढायला ड्रमच्या परिघावर ४००० न्यूटन बल लागते, ड्रमचा व्यास ३२० मिलिमीटर आहे आणि पट्ट्याचा वेग सेकंदाला ०.५ मीटर हवा आहे. बलाला त्रिज्येने गुणले की टॉर्क मिळतो: ४००० गुणिले ०.१६, म्हणजे ६४० न्यूटन-मीटर. वेगावरून ड्रमचे मिनिटाला सुमारे ३० फेरे निघतात आणि १४४० फेऱ्यांच्या मोटरसाठी गुणोत्तर १:४८ च्या आसपास येते. ड्रमवर प्रत्यक्ष लागणारी शक्ती ४००० गुणिले ०.५, म्हणजे २ किलोवॅट. उलटतपासणीसाठी सर्वांना माहीत असलेले सूत्र आहेच: किलोवॅटला ९५५० ने गुणून आरपीएमने भागले की न्यूटन-मीटरमध्ये टॉर्क मिळतो.

ओढीचे बल कुठून आणायचे, असे आपण विचाराल. नव्या यंत्रात ते पट्ट्याची लांबी, चढ, मालाचे वजन आणि रोलरचे घर्षण यांवरून काढतात. जुने यंत्र समोर उभे असेल, तर मी मोजण्यावर अधिक विसंबतो. वीज पूर्ण तोडून, माल घसरणार नाही याची सोय करून गिअरबॉक्स सोडवावा आणि भरलेला पट्टा चेन पुली ब्लॉकने हळूहळू ओढावा. मध्ये लावलेल्या लोड सेलवर (ओढ मोजणाऱ्या उपकरणावर) पट्टा हलण्याच्या क्षणी एक आकडा दिसतो, आणि पट्टा सरकत असताना दुसरा, कमी आकडा दिसतो. हे दोन्ही टिपून ठेवावेत. दुसरा आकडा रोजच्या भाराचा असतो आणि पहिला सकाळी भरलेला पट्टा सुरू करतानाच्या भाराचा. या दोहोंत दीडपट फरकही मी पाहिला आहे. हे जमणारे नसेल, तर किमान क्लँप मीटरने मोटरचा करंट भरल्या पट्ट्यावर मोजावा. मात्र कमी भारावर करंट आणि शक्ती यांचे प्रमाण सरळ राहत नाही, हे लक्षात ठेवून तो आकडा फक्त अंदाजासाठी वापरावा.

आता मुख्य मुद्दा, कार्यक्षमतेचा. वर्म गिअरबॉक्समध्ये पोलादी वर्म फॉस्फर ब्राँझच्या चाकाच्या दात्यांवरून घासत जातो. हे घासणे त्याच्या रचनेतच आहे आणि गुणोत्तर जितके मोठे तितके ते वाढत जाते. १:१० च्या आसपास चांगला वर्म ८५ ते ९० टक्के शक्ती पुढे पोहोचवतो, पण १:५० ला हा आकडा साधारण ६५ ते ७० टक्क्यांवर येतो आणि १:६० च्या पुढे लहान मापांत ६० च्याही खाली जाऊ शकतो. याउलट स्पायरल बेव्हल आणि हेलिकल दाते मुख्यतः एकमेकांवर लोळतात. त्यांच्या प्रत्येक टप्प्यात दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान सहसा होत नाही, त्यामुळे तीन टप्प्यांचा हेलिकल-बेव्हल ९५ टक्क्यांच्या आसपास राहतो. वरच्या उदाहरणात वर्मला ६८ टक्के धरले, तर ड्रमवर २ किलोवॅट मिळण्यासाठी मोटरने २.९४ किलोवॅट द्यावे लागतात, तर हेलिकल-बेव्हलला २.१ किलोवॅट पुरतात. आपली ३ किलोवॅटची मोटर आजवर जवळजवळ पूर्ण भारावर का चालत होती, याचे उत्तर बहुधा इथेच आहे. वर्षाला ३०० दिवस आणि दिवसाला १६ तास धरले, तर हा फरक सुमारे ४००० युनिट विजेचा होतो. महाग गिअरबॉक्सची किंमत कशी भरून निघते, हे आपण आपल्या वीजदराने गुणून पाहावे.

पण विजेपेक्षा मला काळजी उष्णतेची वाटते. हरवलेली शक्ती कुठे जाते? ती गिअरबॉक्सच्या तेलात जाते. वर्मच्या बाबतीत ती जवळपास ९४० वॅट, हेलिकल-बेव्हलच्या बाबतीत जेमतेम १०५ वॅट. कपड्यांची एक इस्त्री तेलात बुडवून १६ तास चालू ठेवावी, तशी ही पहिली स्थिती आहे. ही उष्णता केसिंगच्या पृष्ठभागावरून हवेत गेली पाहिजे आणि ती जितकी जाऊ शकते त्या मर्यादेला थर्मल रेटिंग म्हणतात. कॅटलॉगमध्ये यांत्रिक क्षमता ठळक अक्षरांत आणि थर्मल क्षमता मागच्या पानांवर, बहुधा २० अंश सेल्सिअस सभोवतालचे तापमान धरून दिलेली असते. भट्टीशेजारी किंवा बंद खोलीत ४५ अंशांत चालणाऱ्या गिअरबॉक्ससाठी तो आकडा बराच कमी करून घ्यावा लागतो. वर्ममध्ये तर अनेकदा दाते झेपवू शकतील त्याच्या आधीच उष्णतेची मर्यादा येते. इथे एक गफलत नेहमी होते: सर्व्हिस फॅक्टर (कामाचे तास आणि धक्के यांसाठी टॉर्कला लावायचा गुणक) यांत्रिक क्षमतेच्या तुलनेसाठी लावायचा असतो, तर थर्मल क्षमतेची तुलना प्रत्यक्ष सतत वाहणाऱ्या शक्तीशी करायची असते. दोन्ही तपासण्या स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हाव्या लागतात.

निकामी झालेला वर्म मी जेव्हा उघडतो, तेव्हा निदान बहुतेक वेळा ड्रेन प्लगपाशीच होते. एका मिश्रण यंत्रावरचा असाच गिअरबॉक्स आठवतो. प्लग काढल्यावर काळपट, पाण्यासारखे पातळ झालेले तेल आले आणि कागदावर पसरले तर त्यात सोनेरी चमक दिसली. ती ब्राँझची भुकटी होती. झाकण काढल्यावर चाकाचे दाते मुळाशी जाड आणि टोकाला पात्यासारखे धारदार झालेले होते, वर्म मात्र जवळजवळ नवा दिसत होता. त्याआधी तिथल्या मंडळींनी गिअरबॉक्स गरम होतो म्हणून मोटर एक माप मोठी बसवली होती. यंत्राला लागणारा टॉर्क तेवढाच राहिला होता आणि उष्णता जराही कमी झाली नव्हती. फक्त अडकल्यावर जास्त जोराने दाते मोडण्याची सोय झाली होती. आपल्या यंत्राचा गिअरबॉक्स दुसऱ्यांदा गेला आहे, तेव्हा तो टाकून देण्याआधी उघडून पाहावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. दाते पातळ झाले असतील तर दोष उष्णतेचा किंवा तेलाचा आहे. दाते धडधाकट असून एखाददुसरा मुळातून तुटला असेल तर दोष धक्क्याचा आहे. बेअरिंग गेले असेल तर बाजूची ओढ तपासावी. या तीन आजारांवर तीन वेगळी औषधे आहेत, आणि एक माप मोठा गिअरबॉक्स त्यांपैकी प्रत्येकावर सारखाच लागू पडत नाही.

सर्व्हिस फॅक्टरबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण तो अंदाजाने लावला जातो. दिवसातून ८ ते १० तास, सारख्या भारावर, कमी वेळा सुरू-बंद होणाऱ्या यंत्राला १.० पुरतो. १६ तास आणि मध्यम धक्के असतील तर १.५ च्या आसपास धरावा. क्रशर किंवा अनियमित ढेकळे ओढणारी यंत्रे २४ तास चालत असतील तर २ पर्यंत जावे लागते. आपल्या उदाहरणात ६४० गुणिले १.५, म्हणजे ९६० न्यूटन-मीटरपेक्षा कमी क्षमतेचा गिअरबॉक्स पाहू नये. हा फॅक्टर रोजच्या थकव्यासाठी आहे. अडकण्याच्या क्षणाचा विचार वेगळा करावा. थेट सुरू होणारी इंडक्शन मोटर क्षणभर आपल्या पूर्ण भाराच्या दोन ते अडीच पट टॉर्क देऊ शकते आणि तो टॉर्क गुणोत्तराने गुणला जाऊन बाहेरच्या शाफ्टवर येतो. २.२ किलोवॅटची मोटर घेतली, तर १:४८ नंतर तिचा पूर्ण भाराचा टॉर्क सुमारे ६७० न्यूटन-मीटर होतो, म्हणजे पट्टा दगडाने अडकला तर १६०० च्या वरही जाऊ शकतो. गिअरबॉक्सची कमाल क्षणिक क्षमता या आकड्याच्या वर आहे ना, हे पाहावे. नसेल तर सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळुवार सुरू करणारा), टॉर्क लिमिटर (ठरावीक टॉर्कवर घसरणारा जोड) किंवा व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हची) मर्यादा यांपैकी काहीतरी मध्ये आणावे. याच कारणाने गरजेपेक्षा मोठी मोटर ही सुरक्षितता नसते, गिअरबॉक्ससाठी तो धोका असतो. २.१ किलोवॅटच्या गरजेला २.२ ची मोटर काठावरची आहे हे मला मान्य आहे. भरला पट्टा वारंवार सुरू करावा लागत असेल तर ३ चीच ठेवावी, पण मग व्हीएफडीमध्ये टॉर्कची मर्यादा बांधून द्यावी.

यानंतर बाजूच्या ओढीचा प्रश्न येतो. गिअरबॉक्स थेट ड्रमच्या शाफ्टवर पोकळ शाफ्टने बसत असेल तर हा प्रश्न बहुतांशी मिटतो. पण मध्ये चेन असेल तर टॉर्कला स्प्रॉकेटच्या त्रिज्येने भागावे. ६४० न्यूटन-मीटर आणि २०० मिलिमीटर व्यासाचे स्प्रॉकेट असेल तर शाफ्टवर ६४०० न्यूटनची ओढ येते. जागा वाचवायला १२० मिलिमीटरचे स्प्रॉकेट लावले की तीच ओढ साडेदहा हजारांच्या पुढे जाते. व्ही-बेल्ट असेल तर त्याच्या मूळ ताणामुळे हा आकडा आणखी सुमारे दीडपट धरावा. कॅटलॉगमधली मर्यादा बहुधा शाफ्टच्या बाहेर आलेल्या भागाच्या मध्यावर दिलेली असते, म्हणून स्प्रॉकेट टोकाकडे न लावता शक्य तितके केसिंगजवळ लावावे. ऑइल सील वारंवार गळतो अशी तक्रार असलेल्या कित्येक गिअरबॉक्समध्ये सील निर्दोष असतो. बाजूच्या ओढीने शाफ्ट वाकून त्या सीलखाली डोलत असतो.

पोकळ शाफ्टच्या बाबतीत टॉर्क आर्मची, म्हणजे गिअरबॉक्सला शाफ्टसोबत फिरू न देणाऱ्या दांड्याची, बसवणूक मी स्वतः पाहिल्याशिवाय यंत्र सुरू करू देत नाही. टॉर्क आर्म एका टोकाला रबरी बुशमध्ये, किंचित हालचालीला वाव ठेवून बसवायचा असतो आणि तो गिअरबॉक्सच्या यंत्राकडील बाजूला असावा. तो दोन्ही बाजूंनी पक्का बोल्टने आवळला, की ड्रमच्या शाफ्टमधला लहानसा बाकही प्रत्येक फेऱ्याला बेअरिंगवर आदळतो. चावीच्या पोकळ शाफ्टमध्ये बसवताना अँटी-सीझ पेस्ट लावावी, नाहीतर दोन वर्षांनी गंजाच्या तपकिरी भुकटीत अडकलेला शाफ्ट काढायला गॅस कटर आणावा लागतो. भार उलटसुलट दिशेने येत असेल तर चावीऐवजी श्रिंक डिस्क (पोकळ शाफ्ट बाहेरून आवळून धरणारी कडी) घ्यावी.

आता थांबण्याविषयी. वर्मच्या बदल्यात हेलिकल-बेव्हल घेणाऱ्यांनी या मुद्द्याशी विशेष थांबावे. मोठ्या गुणोत्तराचा वर्म उलट्या दिशेने सहजासहजी फिरत नाही. चढावरचा कन्व्हेयर किंवा बकेट एलिव्हेटर वीज गेल्यावर जागच्या जागी उभा राहतो, आणि तो वर्ममुळे उभा आहे हे कुणाच्या ध्यानातही नसते. विजेची बचत म्हणून तिथे हेलिकल-बेव्हल बसवला, की पहिल्याच वीजकपातीत भरलेला एलिव्हेटर उलटा सुटतो. हे मी एका कारखान्यात घडताना पाहिले आहे. जवळ कुणी नव्हते म्हणून निभावले. म्हणून जुना गिअरबॉक्स काढण्याआधी तो फिरवण्याखेरीज आणखी कोणते काम गुपचूप करत होता, हे विचारावे. आपला कन्व्हेयर चढावर असेल, तर नव्या गिअरबॉक्ससोबत बॅकस्टॉप (शाफ्टला एकाच दिशेने फिरू देणारी कळ) किंवा ब्रेक मोटर मागवणे अनिवार्य समजावे आणि बॅकस्टॉपची मोकळी दिशा मागणीपत्रातच लिहावी. दुसरीकडे, वर्मच्या या गुणावर माणसाचा जीवही टांगू नये. कंपनांमुळे, किंवा तेल गरम होऊन घर्षण घटल्यामुळे, स्थिर अवस्थेत धरून ठेवणारा वर्म हळूहळू सरकू शकतो. भार उचलणाऱ्या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र ब्रेक हवाच.

एवढे वाचून वर्म टाकाऊ आहे असा समज होऊ नये. दिवसातून काही मिनिटे चालणारे दार, डँपर, फिरता टेबल, लहान भरण यंत्र, अशा ठिकाणी गरम व्हायला वेळच मिळत नाही. तिथे वर्मचा शांत आवाज, लहान आकार आणि एकाच टप्प्यात मिळणारे मोठे गुणोत्तर यांना तोड नाही. ब्राँझचे मऊ चाक धक्काही बऱ्यापैकी पचवते. मी स्वतः अर्ध्या-पाऊण किलोवॅटपर्यंत आणि थांबत-थांबत चालणाऱ्या कामाला आजही वर्मच सुचवतो. मधला पर्याय हेलिकल-वर्मचा आहे: पहिला हेलिकल टप्पा काही गुणोत्तर उचलतो, वर्मला १:१५ सारखे सोपे गुणोत्तर उरते आणि एकूण कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आगेमागे जाते. हायपॉइड प्रकारात बेव्हलचे अक्ष एकमेकांना न छेदता थोडे सरकवलेले असतात. त्यात घासणे थोडे वाढते, पण वर्मपेक्षा कितीतरी कमी, आणि वजन व जागा यांत तो सुटसुटीत पडतो. सर्व्होच्या अचूक कामासाठी बेव्हल टप्पा जोडलेला प्लॅनेटरी गिअरबॉक्स घेतात, कारण तिथे दात्यांमधली मोकळीक काही आर्क-मिनिटांत मोजावी लागते. कन्व्हेयरला त्या अचूकतेसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

१:१ किंवा १:२ चे साधे बेव्हल बॉक्स, जे एका मोटरवरून दोन-तीन शाफ्ट किंवा स्क्रू जॅक चालवतात, त्यांत गुणोत्तरापेक्षा फिरण्याची दिशा जास्त त्रास देते. क्राउन व्हील (बेव्हल जोडीतले मोठे चाक) शाफ्टच्या कोणत्या बाजूला बसवले आहे यावर ती ठरते. आकृती न पाहता मागवले, तर एक जॅक वर आणि दुसरा खाली जातो. बेव्हलचे पिनियन (लहान चाक) आणि क्राउन एकत्र जुळवून घासलेले असतात, म्हणून ते नेहमी जोडीनेच बदलावेत आणि शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून दात्यांवरचा संपर्काचा ठसा रंग लावून पाहावा. हे कौशल्य आपल्याकडे नसेल तर दुरुस्ती निर्मात्याकडेच पाठवणे शहाणपणाचे.

व्हीएफडी लावणार असाल तर गिअरबॉक्स विकत घेतानाच तसे सांगावे. मोटर खूप हळू फिरली की चाके तेल वर उडवत नाहीत आणि वरची बेअरिंग कोरडी पडतात. वर्ममध्ये वेग घटल्यावर तेलाचा थर नीट तयार होत नसल्याने कार्यक्षमताही घसरते, शिवाय मोटरचा स्वतःचा पंखा मंदावल्यामुळे मोटर तापते ते वेगळेच. २९०० फेऱ्यांची मोटर लावल्यास उलट तेल घुसळून जास्त गरम होते.

तेल आणि बसवण्याची स्थिती या गोष्टी खरेदीनंतरच्या मानल्या जातात, पण त्यांचा निर्णय मागणीपत्रातच व्हावा लागतो. गिअरबॉक्स पायावर, भिंतीवर, की शाफ्ट उभा ठेवून बसणार, यावर तेलाचे प्रमाण आणि ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेची) जागा बदलते. आडव्या स्थितीसाठी भरलेला गिअरबॉक्स उभा बसवला तर वरच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नाही आणि ब्रीदर तेलात बुडून तिथून गळती सुरू होते. वर्मला बहुधा व्हीजी ४६० किंवा ६८० सारखे जाड तेल लागते (व्हीजी म्हणजे तेलाच्या जाडपणाची श्रेणी), हेलिकल-बेव्हलला सहसा व्हीजी २२० किंवा ३२०. तीव्र गंधकयुक्त ईपी (जास्त दाब सोसणारे) तेल गरम वर्ममधल्या ब्राँझला खाते, म्हणून तिथे ते टाळावे. पॉलिग्लायकॉल जातीचे कृत्रिम तेल वर्मला फार मानवते, पण ते खनिज तेलात मिसळत नाही. बदलताना जुने तेल पूर्ण काढून, आतून धुऊनच ते भरावे. तेलाचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. ९० अंशांच्या वर सतत चालणाऱ्या गिअरबॉक्सचे तेल आणि नायट्राइल रबराचे सील कोणत्याही वेळापत्रकाला जुमानत नाहीत.

आपल्यासाठी मागणीपत्रात मी असे लिहीन: बाहेरच्या शाफ्टवर ६४० न्यूटन-मीटर सतत आणि मोजलेला सुरुवातीचा टॉर्क, मिनिटाला ३० फेरे, १६ तास, ताशी किती वेळा सुरू-बंद, सभोवतालचे कमाल तापमान, धूळ-पाण्याची स्थिती, बसवण्याची स्थिती आकृतीसह, पोकळ शाफ्टचे माप, चढ असल्यास बॅकस्टॉप आणि त्याची दिशा. यांत ६४० च्या जागी आपला स्वतःचा मोजलेला आकडा येईल. पुरवठादाराकडून यांत्रिक आणि थर्मल अशा दोन्ही क्षमतांचे आकडे, त्या तापमानाला धरून, लेखी मागावेत. जो फक्त किलोवॅट आणि गुणोत्तर विचारून दर पाठवतो, त्याचा दर मी बाजूला ठेवतो.

गिअरबॉक्स आल्यावर पहिल्या दिवशी भारावर चार तास चालवून केसिंगचे तापमान दर अर्ध्या तासाने लिहून ठेवावे. आलेख सपाट झाला पाहिजे; चौथ्या तासालाही तो चढत असेल तर यंत्र थांबवून तेलाची पातळी आणि ब्रीदर आधी पाहावा. निर्मात्याने सांगितलेल्या सुरुवातीच्या तासांनंतर पहिले तेल काढावे, ते पांढऱ्या कागदावर पसरावे आणि ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटले आहे ते बोटाने चोळून पाहावे. मऊ करडी पेस्ट असेल तर दाते एकमेकांना बसत आहेत. बोटाला टोचणारा कण लागला तर त्याच दिवशी झाकण उघडावे.